बंदूक आतून चालते

बापू सुट्टीवर आले की हातातली पिशवी आधी याडीकडे, म्हणजे माझ्या आईकडे देत आणि मग बूट काढत. त्या खेपेला त्यांनी पिशवी देण्याआधी तिच्यातून एक पातळ पुस्तक काढून घेतलं. आठ पानं, गुळगुळीत कागद, सगळं इंग्रजीत. वरच्या पानावर वाळवंटात उभी असलेली एक चिलखती गाडी होती आणि गाडीच्या छपरावर मशीनगन. मशीनगनच्या मागे माणूस नव्हता.

पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. नीट वाचून ठेव म्हणाले, रविवारी तांड्याच्या नायकासमोर वाचायचंय तुला.

मी मान हलवली. त्या वयात मला कुणी काही सांगितलं की मी मान हलवायचे, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते समोरच्यानं ठरवायचं.

आमचा तांडा पुसेगावपासून चालत पाऊण तासावर. बापू सैन्यात हवालदार होते. त्यांच्याबरोबर आम्ही छावण्यांमध्ये राहिलो, म्हणून मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी लिहायला मला फार उशिरा आलं. पुढे त्यांची बदली अशा ठिकाणी झाली की जिथे कुटुंब नेता येत नाही. याडी तांड्यावर परतली आणि मी हिंगोलीच्या एका इंग्रजी शाळेत गेले, मुलींच्या वसतिगृहात. शनिवारी एसटीनं घरी यायचे. घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतो. ती बोलणी इथे मी आमच्या भागातल्या मराठीत लिहिते आहे. त्यात थोडं हरवतं, पण मला दुसरं जमत नाही.

तांड्यावर इंग्रजी वाचणारी मी एकटीच. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं, कुणाच्या तरी पोराला आलेल्या नोकरीच्या कागदावरचं, सगळं माझ्याकडे यायचं. लोक मला बोल म्हणत नसत, वाच म्हणत. ते मला बरं वाटायचं. वाचताना मान खाली ठेवता येते.

बापूंचं काम चिलखती गाडीवर होतं. गाडी आठ-दहा जवान पोटात घेऊन चालते. तिच्या छपराला एक गोल झाकण असतं, त्याला ते हॅच म्हणत. हॅच उघडून बापू त्यात उभे राहत, छातीपासून वरचं अंग बाहेर, आणि समोरची मशीनगन हातानं फिरवत. बाकीचे सगळे लोखंडाच्या आड, एक माणूस उघड्यावर. तो माणूस आमचा.

याडीनं ते एकदाच जवळून पाहिलं होतं. छावणीत वर्षातून एकदा कुटुंबांना बोलावून गाड्या दाखवत. स्टूल ठेवून बायकांना वर चढवत. बाकीच्या बायका पदर सावरत, हसत, फोटो काढून उतरल्या. याडी हॅचमध्ये पाय टाकून आत उतरली. ती बापूंपेक्षा बरीच बुटकी, फक्त डोकं बाहेर राहिलं. मग तिनं एक हात वर करून बापूंच्या उंचीचा अंदाज घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकणाच्या कडेपासून तिथपर्यंत वितीनं मोजलं. खाली उतरल्यावर तिनं कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. दिलेला चहाही तसाच ठेवला.

त्यानंतर दीडेक वर्षानं आमच्या शेजारच्या क्वार्टरमधला जवान त्याच जागी उभा असताना काश्मीरच्या खोऱ्यात गोळी लागून गेला. त्याच्या बायकोच्या आधी ती बातमी याडीला कळली होती. अधिकारी येऊन त्या बाईला सांगेपर्यंत तिच्या दोन्ही लेकरांना याडीनं आमच्या घरी बसवून ठेवलं. "मी त्याहिला भात वाढत होते अन् मला ठाऊक होतं," असं ती मधूनच, दुसरंच काही काम करताना म्हणायची.

आता बापूंची नोकरी भरत आली होती. निवृत्त होऊन घरी यायचं, किंवा आणखी दोन वर्षं राहायची तयारी आहे असं लिहून द्यायचं. राहिले तर नायब सुभेदार होण्याची त्यांची पाळी होती. तांड्यावरून तोवर त्या पदाला कुणी पोचलं नव्हतं. दोन सुट्ट्या बापूंचं आणि याडीचं हेच चाललं होतं, तेही आवाज न चढवता. मी शेजारी बसलेली असायचे, पण मी बोलत नसल्यामुळे त्यांना माझी अडचण वाटत नसे.

"घरी येऊन काय करू? शेळ्या राखू?" बापू म्हणायचे.

"राखा. शेळ्या गोळी मारत न्हाईत."

तांड्यात नवरा-बायकोचं बोलणं अडलं की ते नायकासमोर नेतात. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि त्याच्यासमोर बसते ती बैठक म्हणजे नसाब. तिथे बोललेलं मागे घेता येत नाही. तिथे कुणी खोटं बोललं असं निघालं तर पुढे त्याला कुणी साक्षीला बोलावत नाही, आणि तांड्यात साक्षीला न बोलावणं फार मोठी गोष्ट आहे. नसाब बोलवू या असं या वेळी बापूंनीच सुचवलं. त्यांच्याकडे पुस्तक होतं.

ते पुस्तक एका परदेशी कंपनीचं होतं. कंपनीच्या माणसांनी वाळवंटातल्या मैदानावर एक नवं यंत्र आणून दाखवलं होतं आणि ते चालवून बघायला ज्यांना बसवलं त्यांत बापू होते. यंत्र म्हणजे गाडीच्या छपरावर बसवलेली मशीनगन, पण तिला धरायला वर माणूस लागत नाही. तिच्याशेजारी कॅमेरा असतो. खाली गाडीच्या पोटात एक पडदा आणि एक दांडी. पडद्यावर बघायचं, दांडी फिरवायची, बंदूक वर आपोआप वळते. बापूंच्या तुकडीतल्या दोन गाड्यांवर ती वापरून बघायला बसवणार होते. एका गाडीवर बापू.

हे सांगताना ते हात हलवून दाखवत होते. मी त्यांना एवढं बोलताना क्वचितच पाहिलं होतं. याडी ऐकत होती आणि शेंगा फोडत होती.

मी शब्दकोश घेऊन दोन दिवस बाजेवर बसले. भाषा सोपी होती. चौथ्या पानावर गाडीच्या आतला फोटो होता: एक गोरा, तरणा सैनिक खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होता. कपड्यांना इस्त्री होती. सहाव्या पानावर तक्ता. वजन, लांबी, किती अंशांत वळते, पेटीत किती गोळ्या बसतात. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत दोन ओळी. पेटी संपल्यावर नवी पेटी बाहेरून, हॅच उघडून बसवावी. आतून बसवण्याची सोय ऑप्शनल, म्हणजे वेगळी मागवली तर. आणि गोळ्यांचा पट्टा अडकला तर तो बाहेर येऊन हातानं सोडवावा.

मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. तरी मी शब्दकोशात एकेक शब्द काढून बघितला.

बापू मागच्या बाजूला शेळ्यांच्या कुडाला काठ्या बांधत होते. मी पुस्तक घेऊन तिथे जाऊन उभी राहिले. सहाव्या पानावर एक तक्ता आहे, असं म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पेटी संपली की...," मी म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम असते ते," बापू म्हणाले. त्यांनी सुतळी दातात धरून ओढली, गाठ मारली. मग विचारलं, "याडीला वाचून दाखवलंस?"

"नाही."

"बरं."

त्यांनी पुढची काठी घेतली. मी पुस्तक मिटलं आणि परत आले. ते "बरं" मी नंतर कितीतरी वेळा मनात ऐकलं आहे. त्यात वाच होतं की वाचू नको होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बापू घरी आले असते तर पगार थांबला असता आणि माझं वसतिगृह सुटलं असतं. सेनगावच्या पलीकडच्या एका तांड्यावरचा मुलगा माझ्या आत्यानं बघूनही ठेवला होता. मला शिकायचं होतं. मी सोळा वर्षांची होते, आणि माझ्या मनात आधी हे आलं, बापूंचा चेहरा नंतर.

रविवारी सकाळी देवळासमोरच्या लिंबाखाली नसाब बसली. नायक, सहा-सात म्हातारी माणसं, बाजूला बायका. याडी डोक्यावरून ओढणी घेऊन बसली होती. मला मध्ये पाटावर बसवलं. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग आमच्या बोलीत सांगायची, असं नायकानं सांगितलं. इंग्रजी ऐकून समजणार कुणालाच नव्हती, पण ती वाचल्याशिवाय ते खरं धरायचं नाही असं त्यांचं म्हणणं.

मी शब्दाशब्दाला अडत होते. नायकाच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "ही वाचून राहिली का तांदूळ निवडून राहिली? दाण्या-दाण्याला थांबते." लोक हसले. बापूही हसले. त्यामुळे मला जरा वाचता आलं.

फोटो सगळ्यांच्या हातून फिरले. कॅमेरा अंधारातही बघतो हे सांगितल्यावर एकानं मग रानडुकरांपासून शेत राखायला एक आपल्याकडे मागवा असं सुचवलं. चौथ्या पानावरचा गोरा सैनिक बायकांनी बराच वेळ बघितला. पाचवं पान झालं. सहाव्या पानावर मी वजन वाचलं, लांबी वाचली, गोळ्या किती बसतात ते वाचलं. आणि पान उलटलं.

सातव्या पानावर कंपनीची स्तुती होती. ती मी सगळी वाचली.

नायकानं याडीला विचारलं, बाई, तुला काय म्हणायचं आहे? तिनं ओढणी पुढं ओढली. मग तिनं नायकाकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "मला दुसरं काई नको. ह्याहिचं डोकं बाहेर येते का न्हाई, एवढं सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. बापू जमिनीकडे.

"गोळी झाडताना येत नाही," मी म्हणाले.

"न्हाई येत म्हणते छोरी," नायकानं मोठ्यानं सांगितलं.

मी जे बोलले होते त्यातला पहिला अर्धा भाग नायकाच्या तोंडून गळून पडला, आणि मी तो उचलून परत दिला नाही. नसाब उठली. गुळाचे खडे वाटले. याडीनं स्वतःच्या हातानं वाटले, मलाही एक दिला. तो मी तोंडात ठेवला आणि घरामागे जाऊन थुंकून टाकला.

बापूंनी लिहून दिलं आणि ते पलटणीत परत गेले.

त्यानंतरचे आठ महिने याडी जितकी निवांत होती तितकी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. रविवारी ठरल्या वेळी आम्ही पुसेगावच्या एसटीडी बूथवर जाऊन बसायचो. बापूंचा फोन यायचा. ती आधी विचारायची, "आतच होते ना?" पलीकडून आतच होतो असं उत्तर यायचं. मग पाऊसपाणी, शेळ्या, माझा अभ्यास. परत येताना ती रस्त्यात भेटेल त्या बाईला थांबवून सांगायची, आमच्याकडचे आता टीव्हीसारखं बघून गोळी मारतात, खुर्चीत बसून. दुसऱ्या तांड्यावरची एक बाई आमच्याकडे चालत आली. तिचा मुलगाही फौजेत होता. तशी बंदूक माझ्या लेकराला मिळते का, कुठं अर्ज करायचा, तुझी छोरी लिहून देईल का, असं ती याडीला विचारत होती. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं धरून बसले होते. अर्ज असा नसतो असं मी सांगितलं. ती पाणी पिऊन गेली.

याडी बापूंसाठी सोमवार धरायची. शेजारचा जवान गेल्यापासून तिनं एकही सोमवार सोडला नव्हता. आता तिनं औंढ्याला जाऊन नागनाथापुढं तो उपास सोडायचं ठरवलं. मागणं पुरं झालं, आता देवाला किती दिवस धरून ठेवायचं, असं तिचं म्हणणं. मी तिच्याबरोबर गेले. तिनं अभिषेक केला, पायरीवर बसून पेढा खाल्ला, मला दिला. मला वाटत होतं, कुणीतरी हिला थांबवावं. थांबवू शकणारं माणूस तिच्याशेजारीच पेढा हातात घेऊन बसलं होतं.

परत येताना बसमध्ये मी म्हणाले, "याडी, त्या बंदुकीचं..."

ती माझ्याकडे वळली. तिनं काय म्हणून विचारलंही नाही, नुसती बघत राहिली. बसमध्ये गर्दी नव्हती, खिडकीतून ऊन येत होतं, बोलायला काहीही अडचण नव्हती. पुढचा थांबा येऊन गेला तरी ती बघत होती.

"काही नाही," मी म्हणाले. तिनं तोंड खिडकीकडे केलं.

त्या आठवड्यात मी वसतिगृहातून बापूंना पत्र लिहिलं. माझ्या तुटक्या मराठीत. पट्टा अडकला, पेटी संपली, तर वर दुसऱ्या कुणाला पाठवा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही हवालदार आहात, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. हे लिहिताना मला लाज वाटली नाही. महिन्यानं त्यांचं आंतर्देशीय पत्र आलं. त्यात सगळ्यांची खुशाली होती, आणि खाली, जागा संपत आली असताना लिहिलेलं एक वाक्य: दुसऱ्या कुणाला पण मुलगी असते.

ते वाचून मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण मला कळलं की ते जातातच वर. त्यानंतर मला वर्गात काही ऐकू येईना. फळ्यावर बाई लिहीत असत आणि मी त्या गोल झाकणाचा विचार करत असे. मी हिशेब करायचे, आज त्यांनी पेटी बदलली असेल का, दोन मिनिटं म्हणजे किती श्वास. बाथरूममध्ये उभी राहून मी ते श्वास मोजून पाहिले. रविवारी फोनवर "आतच होतो" ऐकू आलं की मला पुढचे सात दिवस मिळायचे, आणि बुधवारपर्यंत ते संपायचे.

दोनदा मी शनिवारी घरी गेलेच नाही. परीक्षा आहे म्हणून निरोप पाठवला.

बातमी गुरुवारी आली. वसतिगृहाच्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. तिथे नायकाचा पुतण्या उभा होता, टोपी हातात घेऊन. त्यानं काही सांगण्याआधी मी विचारलं, "वर होते का?" त्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, घरी चल.

पेटी घेऊन ट्रक आला तेव्हा तांड्यावर कधी नव्हती एवढी माणसं होती. अधिकारी आले, सलामी झाली. ते सगळं मी इथे लिहीत नाही. बापूंच्या गाडीतला एक जवान बरोबर आला होता, उत्तरेकडचा, वीस-बावीस वर्षांचा. सगळे गेल्यावर याडीनं त्याला जवळ बोलावलं. छावणीत राहून तिला हिंदी येत होती. तिनं त्याला विचारलं, तुमची बंदूक तर आतून चालते, मग त्यांना कुठं लागली?

तो सरळ होता. त्याला काय लपवायचं आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यानं हातांनी दाखवून सांगितलं की पट्टा अडकला होता, कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं पण बंदूक चालत नव्हती. खरं तर वर जायची पाळी त्याची होती. "उस्ताद बोले, तू बैठ, मैं देखता हूँ। दो मिनट का काम है।" एवढं बोलून तो रडायला लागला. याडीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मी वाट बघत राहिले. दुसऱ्या दिवशी, दहाव्याला, तेराव्याला. मला वाटत होतं, ती आता विचारेल. नायकाला सांगून नसाब बोलावेल, मला पाटावर बसवेल. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. ती माझ्याशी बोलायची, पण जेव, झोप, दार लाव, एवढंच. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. मी हिंगोलीला परत गेले नाही. तिनं जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही.

दीड महिन्यानं बापूंच्या पलटणीच्या कर्नल साहेबांचं पत्र आलं. टाइप केलेलं, इंग्रजीत, दीड पान. दुपारची वेळ होती, याडी ओट्यावर बसली होती. पोस्टमन गेल्यावर तिनं पाकीट माझ्यापुढे धरलं.

"वाच."

मी एक ओळ इंग्रजीत वाचत होते आणि मग आमच्या बोलीत सांगत होते. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या परिच्छेदात दुःख होतं, पलटणीचा अभिमान होता. दुसऱ्या परिच्छेदात त्या दिवसाची हकीकत. गाडी रस्त्यावर होती, उजवीकडच्या टेकडीवरून गोळीबार सुरू झाला, बंदूक थांबली. पुढच्या वाक्यावर मी अडले.

"थांबलीस काहून?"

मी मान खाली घातली.

"त्या दिवशीबी थांबली होतीस," ती म्हणाली. "सहाव्या पानावर. पान खालीवर भरलेलं होतं अन् तू वरचंच सांगितलंस. मला वाचता येत न्हाई, पण बराबर दिसते."

मी रडत म्हणाले की हो, होतं त्यावर, खाली बारीक लिहिलं होतं.

"भरायला कुणी तरी वर जाईल, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. जात्यात दाणे काय आपोआप पडतेत?"

"मग तू विचारलं का नाहीस?"

"तू न्हाई म्हणालीस," ती म्हणाली. "मला न्हाईच ऐकायचं होतं. म्हटलं, शिकलेली पोरगी आहे, ती न्हाई म्हणते तर नसंल. बसमध्ये तू बोलायला लागलीस तेव्हा माझं काळीज थांबलं. तू काही नाही म्हणालीस अन् मी नागनाथाला हात जोडले."

मग तिनं बोटानं पत्राकडे दाखवलं. "आता वाच. एक बी ओळ सोडू नको."

मी वाचलं. हॅच उघडून ते वर गेले. अडकलेला पट्टा त्यांनी सोडवला, नवी पेटी बसवली. बंदूक पुन्हा चालू झाली, त्यामुळे आतले सगळे वाचले. आत उतरताना त्यांना मानेच्या डाव्या बाजूला गोळी लागली. दवाखान्यात नेत असताना ते गेले. मान हा शब्द सांगताना मी माझ्या मानेला हात लावला, आणि याडीनं तिच्या मानेला, त्याच बाजूला.

"नेताना म्हणजे? किती वेळ होते?"

"ते लिहिलेलं नाही."

"काही बोलले का?"

"लिहिलेलं नाही, याडी."

"नीट बघ."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, सहीपर्यंत, सहीखालच्या हुद्द्यापर्यंत. कागद उलटा करून दाखवला, मागे कोरं होतं. पाकीट फाडून आतून दाखवलं. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, पाकिटासकट घडी घातली आणि चोळीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवरून बसली. कुठं निघालीस विचारल्यावर म्हणाली, हिंगोलीला. मी बरोबर गेले. तहसीलसमोर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांतल्या इंग्रजी येणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसापुढं तिनं पत्र ठेवलं आणि सगळं वाचा म्हणाली. मी थोड्या अंतरावर उभी राहिले. तो मराठीत सांगत होता, सावकाश, मी सांगितलं होतं तेच. मानेपाशी तोही अडला, मग त्यानं सांगितलं. किती वेळ होते ते यात नाही, बाई, असं त्यानंही तिला दोनदा समजावलं.

ती उठली. मला वाटलं, आता आम्ही घरी जाऊ. तिनं स्टँडवर जाऊन कळमनुरीच्या गाडीची चौकशी केली. तिथल्या एका शाळेत आमच्या ओळखीचे मास्तर होते, ते इंग्रजी शिकवायचे. गाडी आली तेव्हा ती पुढं चढली आणि खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. मी तिच्या मागच्या बाकावर बसले.